मानसशास्त्रात एम.ए. झाले, पाटी कधी लावायची?

परवा दुपारी दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. दोघांपैकी आजारी कोणीच नव्हते. मुलगी मानसशास्त्र विषय घेऊन चांगल्या गुणांनी बी.ए. झालेली. वडिलांनी पुढचा सगळा बेत पक्का करूनच आणला होता. म्हणाले, "सर, हिला सायकॉलॉजीत एम.ए. करायचंय. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. एसटी स्टँडसमोर आमचा एक गाळा रिकामाच पडलाय. एम.ए. झाली की तिथं पाटी लावून देतो. आपल्या गावात या लाईनला कोणी नाही. चालेल ना?"

मी मुलीकडे पाहिले. ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "सर, पुस्तकातलं मला येतं. पण समोर बसलेलं माणूस रडायला लागलं तर काय करायचं, हे कुठल्या पेपरला असतं?"

वडील हसले. मला मात्र हसू आले नाही. तिने नेमक्या जागी बोट ठेवले होते. निकाल लागले की असे दोन-चार पालक दरवर्षी येतात, म्हणून या आठवड्यात आजाराविषयी न लिहिता आजार बरे करणाऱ्यांच्या शिक्षणाविषयी लिहितो. वाचक म्हणतील, याचा आमच्या आरोग्याशी काय संबंध? संबंध आहे. उद्या त्या गाळ्यात जाऊन बसणारे तुम्ही-आम्हीच असणार आहोत.

आधी नावांचा घोळ मिटवू

आपल्याकडे मनाशी संबंध असलेल्या सगळ्यांना सरसकट 'मानसोपचारवाले डॉक्टर' म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः हे वेगवेगळे व्यवसाय आहेत. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकिॲट्रिस्ट. हा आधी एम.बी.बी.एस. होतो, मग मनोविकारशास्त्रात पुढचे शिक्षण घेतो. औषधे लिहून देण्याचा अधिकार त्याचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ. हा मानसशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर असतो, त्यावर रुग्णालयातले प्रशिक्षण घेतो, चाचण्या करतो, बोलण्यातून व वागणुकीतून बदल घडवणारे उपचार करतो. औषध देत नाही. समुपदेशक म्हणजे कौन्सेलर. शाळा, कुटुंब, व्यसन, नोकरी अशा प्रश्नांत तो मार्ग काढायला मदत करतो. यांच्या जोडीला मनोरुग्णांच्या घरच्यांशी बोलणारा, त्यांना योजना व सोयी मिळवून देणारा सामाजिक कार्यकर्ताही असतो.

नुसते मानसशास्त्रात एम.ए. झालेला माणूस यांपैकी कोण? खरे उत्तर असे की तो यांपैकी काही होण्याच्या उंबरठ्यावर उभा असतो. घरात अजून आलेला नसतो.

हे माझे मत नव्हे, कायदाच तसे सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणावे हे लिहिलेले आहे. भारतीय पुनर्वास परिषदेने, जिला सगळे आर.सी.आय. म्हणतात, मान्य केलेली क्लिनिकल सायकॉलॉजीची पात्रता त्याच्याकडे हवी. किंवा मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीवर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. आणि त्यात देखरेखीखाली रुग्णांवर केलेले काम हवे. परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणी नसताना हा व्यवसाय करणे हा गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

एम.ए.त काय मिळते, काय मिळत नाही

एम.ए.ला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. माणूस कसा शिकतो, कसा विसरतो, व्यक्तिमत्त्व म्हणजे काय, मनाचे विकार कोणते, एखादी चाचणी विश्वासार्ह कशी ठरवायची, संख्याशास्त्र कसे वापरायचे, हा सगळा पाया तिथेच पडतो. हा पाया कच्चा असेल तर पुढचे काहीच टिकत नाही. संख्याशास्त्राला घाबरून मानसशास्त्र घेणारी मुले मला भेटतात, त्यांची मला गंमत वाटते. चाचणीतल्या आकड्याचा अर्थ ज्याला कळत नाही, त्याने चाचणी हातात धरू नये.

एक उदाहरण देतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका मुलाला त्याच्या आईने माझ्याकडे आणले होते. कोणीतरी त्याची बुद्धिमत्ता चाचणी घेऊन 'मतिमंद' असा कागद हातात दिला होता. मी चौकशी केली. चाचणी इंग्रजीतली, प्रश्न घेणाऱ्याने जागेवर मराठीत सांगितलेले, मुलाला कानाने कमी ऐकू येते हे कोणी पाहिलेच नव्हते. कानाची तपासणी झाली, यंत्र बसले, वर्षभरात पोरगा वाचायला लागला. तो कागद तसाच राहिला असता तर? आपल्या मुलांसाठी वेगळ्या चाचण्या बसवण्याचे कष्ट जुन्या मंडळींनी उगाच केले नाहीत. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची चाचणी मराठी व कानडी मुलांसाठी १९३४ साली बसवली. नागपुरात डॉ. मॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी १९६९ साली चाचणी तयार केली. परीक्षेत ही नावे विचारतात आणि मुले ती पाठ करतात. पण ती चाचणी भेदरलेल्या मुलासमोर कशी मांडायची, त्याला भूक लागली आहे की उत्तर येत नाही हे कसे ओळखायचे, हे पाठ करून येत नाही.

बऱ्याच ठिकाणी एम.ए.चे प्रात्यक्षिक म्हणजे वर्गमैत्रिणीवर चाचणी घ्यायची आणि जर्नल लिहायचे, एवढ्यावर संपते. वर्गमैत्रीण रडत नाही, उठून निघून जात नाही आणि 'मला आवाज ऐकू येतात' असेही म्हणत नाही.

मी न विचारलेला प्रश्न

माझीच एक चूक सांगतो. प्रशिक्षणाचे पहिले वर्ष होते. रुग्णालयात एक शेतकरी दाखल झाला होता. झोप नाही, जेवण नाही, कोणाशी बोलणे नाही. मी तासभर त्याच्याजवळ बसलो, घरची माहिती घेतली, चार पाने सुबक अक्षरांत लिहिली आणि मोठ्या अभिमानाने आमच्या मार्गदर्शक बाईंसमोर ठेवली. बाईंनी ती वाचली आणि एवढेच विचारले, "जगणं नकोसं वाटतं का, हे विचारलंत?"

मी विचारले नव्हते. मला भीती वाटली होती, की विचारले तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात यायचा. बाई म्हणाल्या, "विचारल्यानं तो विचार येत नाही. असलेला बाहेर येतो. परत जा."

मी परत गेलो आणि विचारले. तो माणूस बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हे इतक्या दिवसांत कोणीच विचारलं नाही, साहेब." गोठ्यात त्याने काय लपवून ठेवले होते तेही त्याने सांगितले. बाईंनी लगेच डॉक्टरांना कळवले, त्याच्या भावाला बोलावून घेतले आणि ती वस्तू त्याच संध्याकाळी घरातून हलवली गेली. औषधोपचार झाला. सहा आठवड्यांनी तो आपल्या पायांनी घरी गेला.

आत्महत्येविषयी थेट आणि आपुलकीने विचारावे, हे तेव्हाही पुस्तकात होते. मी ते वाचलेही होते, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा जीभ उचलली नाही. त्या दिवशी माझ्यामागे बाई नसत्या आणि मी माझ्या गाळ्यात एकटाच बसलेला असतो, तर काय झाले असते, हा विचार मी आजही करत नाही. करवत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. आपली चूक रुग्णाला भोवण्याआधी कोणीतरी जाणत्याने ती पकडायची, या व्यवस्थेला देखरेखीखालचे प्रशिक्षण म्हणतात. पदवी व्यवसायाचे दार उघडते, पण माणसाला तयार करते ती ही देखरेख.

शरीर विसरून चालत नाही

दुसरी गोष्ट अलीकडची. चाळिशीच्या एक बाई आल्या. सहा महिने थकवा, उदासी, कशात लक्ष नाही, वजन वाढलेले. एका समुपदेशन केंद्रात त्यांच्या आठ बैठका झाल्या होत्या. 'सकारात्मक विचार करा, छंद जोपासा' असा सल्ला मिळाला होता. बाई बिचाऱ्या रोज सकाळी आरशासमोर उभ्या राहून 'मी आनंदी आहे' म्हणत होत्या आणि आनंद वाटत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत होत्या. बोलण्यात थंडी सोसत नाही, केस गळतात, आवाज जड झाला आहे हे आले. रक्त तपासायला पाठवले. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले होते. गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत बाई पूर्वीसारख्या झाल्या.

त्या समुपदेशकाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण रुग्णालयात डॉक्टरांच्या बरोबरीने काम केलेल्याला हे आपोआप सुचते. आपले काम कुठे संपते आणि दुसऱ्याकडे केव्हा पाठवायचे हे कळणे, हा प्रशिक्षणाचा निम्मा भाग आहे.

मग वर्षे किती?

वडिलांनी हाच प्रश्न विचारला. मी हिशेब मांडला. बारावीनंतर पदवीची तीन वर्षे, नव्या रचनेत काही ठिकाणी चार. एम.ए.ची दोन. क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी त्यानंतर एम.फिल.ची दोन पूर्णवेळ वर्षे, त्यालाही एम.ए.ला किमान ५५ टक्के गुणांची अट आणि जागा थोड्या. गृहस्थ म्हणाले, "म्हणजे डॉक्टरकीपेक्षा जास्तच की हो!" मी म्हटले, "एम.बी.बी.एस. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं. आता तुम्हीच बघा."

यात आणखी एक अडचण आहे. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. ही पदवीच बंद करण्याचे ठरले. क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक वर्ष २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवली. तेव्हा शेजारच्या ताईने जे केले तेच आपण करू, असे म्हणून चालणार नाही. प्रवेशाचे पैसे भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर कोणता अभ्यासक्रम, कोणती संस्था आणि कोणते वर्ष मान्य आहे, हे स्वतः पाहावे. संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

पत्राद्वारे किंवा घरबसल्या मानसशास्त्राची पदवी घेण्याचा मार्गही आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून बंद केला. मला हा निर्णय योग्य वाटतो, पण तो सांगताना मन पूर्ण मोकळे होत नाही. संसार सांभाळून, रात्री जागून दूरशिक्षणाने एम.ए. केलेल्या कितीतरी भगिनी मी पाहिल्या आहेत. त्यांच्यात माणसाची जाण होती, चिकाटी होती. त्यांना शहरात दोन वर्षे वसतिगृहात राहणे परवडले नसते. दार बंद करायचे तर जवळ दुसरे दार उघडले पाहिजे. ते अजून उघडलेले नाही.

ज्यांना क्लिनिकलकडे जायचे नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. शाळा, व्यसनमुक्ती केंद्र, कौटुंबिक सल्ला केंद्र, एचआयव्ही तपासणी केंद्र, कारखान्यातील मनुष्यबळ विभाग, अशी कामे एम.ए. झालेल्यांना मिळतात. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय कायद्यात मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांचाही समावेश झाला आहे, म्हणजे तिथेही नोंदणीला महत्त्व येणार. पण त्या कामांतही पहिली दोन वर्षे कोणा अनुभवी माणसाच्या हाताखाली काढावीत, असा माझा आग्रह राहील.

'काहीच नसण्यापेक्षा बरे' हे खरे का?

यावर एक आक्षेप नेहमी येतो. माणसे कमी, रुग्ण उदंड. निम्हान्स या बंगळूरच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण चित्र फार वेगळे असेल असे मानायला आधार नाही. दहा प्रौढांमागे साधारण एकाला त्या वेळी मनाचा काही ना काही विकार होता आणि विकारानुसार शंभरातल्या ७० ते ९२ जणांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. मग अर्धवट शिकलेला का होईना, गावात कोणी बसला तर बिघडले कुठे?

याचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्याने दिले आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या 'संगाथ' संस्थेने तिथल्या आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना शिकवून नैराश्याच्या रुग्णांशी बोलायला बसवले. सहा ते आठ बैठकांचा ठरावीक उपचार होता. रुग्णांना त्याचा चांगला उपयोग झाला. हा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मग पदवी कशाला, असे कोणी म्हणेल. पण नीट पाहा. या माणसांना एकच ठरावीक काम दिले होते, त्याचेच शिक्षण दिले होते आणि त्यांच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण ऐकून त्यावर नियमित चर्चा होत असे. म्हणजे पदवी नव्हती, पण देखरेख होती. आपल्याकडे नेमके उलटे चालते. पदवी असते, देखरेख नसते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचा बाह्यरुग्ण विभाग चालतो. ज्या महाविद्यालयात मानसशास्त्राचे एम.ए. आहे, त्याने आपले विद्यार्थी आठवड्यातून दोन दिवस तिथे पाठवावेत. त्यांनी रुग्णाला सल्ला देऊ नये. फक्त बसावे, ऐकावे, नोंद घ्यावी आणि नंतर तज्ज्ञाकडून ती तपासून घ्यावी. इमारत बांधायची नाही, यंत्र आणायचे नाही. विद्यापीठाने अभ्यासक्रमात गुण ठेवावेत आणि तपासून देणाऱ्याला मानधन द्यावे. एवढ्याने निम्मे काम होईल.

गावच्या मुलांची जमेची बाजू

शहरातल्या मुलांपुढे आपला टिकाव लागणार नाही, अशी धास्ती आपल्या मुलांना असते. पुस्तके इंग्रजी, मुलाखती इंग्रजी. इंग्रजी शिकावीच लागेल, त्याला पर्याय नाही. पण रुग्ण इंग्रजीत आजारी पडत नाही. तो म्हणतो, 'जीव घाबरा होतो', 'काळजात धस्स होतं', 'डोक्यात मुंग्या चालतात', 'अंगात त्राण नाही', 'बाहेरचं काहीतरी आहे'. यातले कुठले चिंतेचे, कुठले नैराश्याचे आणि कुठले खरोखर हृदयाचे, हे ओळखायला ती बोली कानावर पडलेली असावी लागते. ही शिदोरी गावच्या मुलांजवळ आधीच असते.

छोट्या गावात जबाबदारीही मोठी असते. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. अमक्याची सून कोणत्या दारात शिरली, हे संध्याकाळपर्यंत चार आळ्यांत कळते. मी बाजारात रुग्ण दिसला तर आधी नमस्कार करत नाही. त्याने ओळख दाखवली तरच दाखवतो. हेही मला बाईंनीच शिकवले.

विद्यार्थ्यांनी प्रवेश घेताना चार प्रश्न विचारावेत. प्रात्यक्षिक कुठे होते, वर्गात की रुग्णालयात? माझे काम कोण तपासणार आणि तो स्वतः रुग्ण पाहतो का? या अभ्यासक्रमानंतर नोंदणी मिळते का, असल्यास कोणती? मागच्या दोन वर्षांतले विद्यार्थी आज काय करतात?

आणि वाचकहो, तुम्ही कोणाकडे मन मोकळे करायला जाल तेव्हा तीन प्रश्न विचारायला संकोचू नका. आपले शिक्षण काय? नोंदणी आहे का? गरज पडल्यास कोणत्या डॉक्टरांकडे पाठवता? चांगला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल त्याच्याकडून उठून यावे. तातडीची गरज असेल तर शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आहे.

जाता जाता त्या गृहस्थांना मी सांगितले, गाळा चार-पाच वर्षे भाड्याने द्या, ते भाडे हिच्या शिक्षणाला लावा. पाटी कुठे पळून जात नाही. ते थोडे हिरमुसले. मुलगी मात्र उठता उठता म्हणाली, "सर, तोपर्यंत मी तुमच्याकडे येऊन नुसती बसू का?"

रुग्णांची संमती असेल तेव्हाच बसता येईल, असे मी म्हटले. सोमवारपासून ती येते आहे.